दर्शनी भाग

मी आयुष्यभर नेमकं काय काम केलं, हे माझ्या माहेरी आजही कोणाला धड सांगता येत नाही. परवा एका साखरपुड्यात मुलाकडच्या बाईंनी माझी चौकशी केली, तेव्हा माझ्या चुलतभावानं "ताई पुण्यात कापडाच्या मोठ्या दुकानात होती" एवढं सांगून विषय संपवला. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिलबी वाढणारा आला आणि मीही नाद सोडला. आता वाचणाऱ्यांना तरी नीट सांगते. दुकानात माल असतोच. पण तो कुठे ठेवायचा, किती ठेवायचा, कशाच्या शेजारी आणि कसल्या उजेडात ठेवायचा, म्हणजे रस्त्यानं आपल्या विचारात चाललेला माणूस थबकेल आणि आत शिरेल, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारी मी. इंग्रजीत त्याला व्हिज्युअल मर्चंडायझिंग म्हणतात. आपल्या भाषेत सरळ शब्द आहे, मांडणी. आणि हाच शब्द मी पहिल्यांदा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितला, तिथून सगळ्या डोकेदुखीला सुरुवात झाली. कारण आमचं दुकान भांड्यांचं. आमच्याकडे मांडणी म्हणजे ताटं-वाट्या लावायची स्टीलची मांडणी, भिंतीला ठोकायची. आप्पा म्हणाले, "मांडण्या तर आपुन इकतोच की. त्यासाठी पुण्याला कशापायी जायचं?"

दुकान शिरूरच्या पेठेत होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आई, आप्पा आणि मी असे आम्ही तिघं राहत होतो. घरात सकाळपासून भांड्यांचा आवाज. दुसऱ्यांच्या घरात भांडी स्वयंपाकापुरती वाजतात. आमच्याकडे दिवसभर वाजायची. कोणी तांब्यावर टिचकी मारून बघतंय, कोणी परात उलटी करून थोपटतंय, आणि या सगळ्यावर नाव घालायच्या यंत्राचा टर्रर्र असा कडकडाट. लग्नसराईत ते यंत्र दुपारी जेवायच्या वेळेलाही थांबत नसे. आईनं केलेली हुलग्याची शेंगोळी ताटात निवत पडायची आणि आप्पा बाहेर कोणाच्या तरी मुलीचं नाव हंड्यावर कोरत बसलेले. मग ते आत यायचे, कानात अजून यंत्र वाजत असल्यासारखे मोठ्यानं बोलायचे आणि निवलेल्या शेंगोळीला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचे.

आप्पांचे वडील निमोण्याचे. त्यांनी हयात मेंढरांमागे काढली. पुढे थोडी शेती झाली आणि आप्पा तर थेट पेठेत गादीवर येऊन बसले. घराण्यातले ते पहिले दुकानदार, आणि दुकान चालवायची त्यांची रीत मात्र मेंढपाळाची. माल सगळाच्या सगळा डोळ्यांसमोर हवा. "कळप कसा, रानात पसरला म्हंजी भरलेला दिसतो," असं ते म्हणत, आणि त्या हिशोबानं त्यांनी दुकानाचा दर्शनी भाग भरून टाकला होता. वरून बादल्या, कळश्या, किटल्या दोरीनं टांगलेल्या. खाली परातींच्या चळती, कुकरची खोकी, पाण्याचे पिंप, त्यांच्या मधल्या फटीत झारे आणि उलथनी खोचलेली. दुकानात शिरताना गिऱ्हाइकाला मान वाकवावी लागायची आणि उंच माणसाच्या डोक्याला हमखास बादली लागायची. त्याबद्दल आप्पा माफीबिफी मागत नसत. बादली कशी जड आहे, पत्रा कसा चांगला आहे, तेच सांगायला लागत.

कॉलेजसाठी मी दौंडला आत्याकडे राहायला गेले. आत्या ही आप्पांची थोरली बहीण. तिचे मालक रेल्वेत होते, त्यामुळे घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथे भांडी वाजायची ती गाडीचे डबे जोडताना बसणाऱ्या धक्क्यांनी. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या की आत्या घड्याळ न बघता कोणती गाडी लागली ते सांगायची आणि बहुतेक वेळा चुकायची. या आत्याची पंचक्रोशीत ख्याती होती ती रुखवतासाठी. कोणाच्याही मुलीचं लग्न असो, रुखवत मांडायला आत्या. मुरमुऱ्यांचं देऊळ, चकल्यांची विहीर, बुंदीच्या लाडवांचा डोंगर, आणि मध्ये नवरीच्या संसाराची भांडी. मी तिच्या हाताखाली तासन्‌तास उभी राहिले. समई पुढे आणली की मागचं ताट मरतं, दोन पिवळ्या वस्तू शेजारी ठेवल्या की दोन्ही फिक्या पडतात, हे मी तिथे शिकले. मात्र आत्याच्या हाताला थांबा माहीत नव्हता. सगळं सुंदर जमून आलं, की ती हमखास शेवटी एक हिरवा प्लास्टिकचा पोपट आणून मधोमध बसवायची. मी आतल्या आत चरफडायचे.

कॉलेज संपल्यावर मी दौंडहूनच गाडीनं पुण्याला कामाला जायला लागले. तेव्हा पुण्यात कपड्यांची मोठमोठी, सरकत्या जिन्यांची दुकानं नुकती निघत होती. तशा एका दुकानात मी विक्रीला लागले होते, पण माझे हात विक्रीत कमी आणि शेल्फ लावण्यात जास्त. सजावट बघणाऱ्या मॅडमनी ते हेरलं आणि मला आपल्याकडे ओढून घेतलं. पुतळ्यांना कपडे चढवायचे, टाचण्या लावायच्या, शिडीवर चढून दिवे फिरवायचे, दिवाळी आली की सगळा मजला पालटायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्या डोळ्यांना सतत जे खुपत असतं, त्याचा कोणाला तरी उपयोग आहे. वर्ष झालं आणि मॅडमनी विचारलं, कायम होशील का? पुण्यात राहावं लागेल, आणि दुसऱ्या शहरात नवं दुकान उघडलं की महिना-महिना तिकडे जावं लागेल.

नेमकं त्याच सुमारास कारेगावचं स्थळ आलं. मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर, घरची शेती, स्वभावानं गरीब. मुलाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. बिचारा एक शब्द बोलला नाही. बोलले ते त्याचे मामा. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारल्यावर आप्पा म्हणाले, दुकानात असते. आई आतून म्हणाली, डिझायनर आहे. मी दोघांनाही गप्प करून माझं काम नीट समजावून सांगितलं, अगदी पुतळे, दिवे, काचेची खिडकी, सगळं. मामांनी चहा बशीत ओतत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी बाहुल्यांना कापडं घालता व्हय?" मी म्हटलं, तसंही म्हणता येईल. "मंग ते लग्नानंतर घरी बी करता येईल की," ते म्हणाले, आणि आप्पांनी मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर मी आप्पांना मॅडमचं विचारणं सांगितलं. आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. नोकरी झाली तेवढी पुरे. ज्या कामाचं नाव चार माणसांत सांगता येत नाही ते काम कसलं? मी तावातावानं म्हटलं, की तुमच्याच दुकानाच्या तोंडावर बघा काय करून ठेवलंय. मला आठ दिवस द्या, मी काय काम करते ते दाखवते. ते बोलून गेल्यावर मीच घाबरले, कारण आप्पांनी यंत्र बंद केलं. यंत्र बंद करून ऐकणं म्हणजे फार झालं. "दिले," ते म्हणाले. "पर धंदा पडला, तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई. कारेगावला व्हय म्हणायचं." मी कबूल झाले. त्या वयात माणूस कशालाही कबूल होतं. आज कोणी मला ऐन लग्नसराईत भांड्यांचं दुकान अशा अटीवर हातात दिलं, तर मी दोन हात लांब उभी राहीन.

मी कामावरून रजा घेतली. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दौंडहून आत्या मदतीला आली आणि आम्ही पुढचा भाग रिकामा करायला घेतला. टांगलेल्या बादल्या उतरवल्या, पिंपं आत ढकलली, कुकरची खोकी आतल्या भिंतीला रांगेत लावली. कित्येक वर्षांचा धुरळा खाली आला. आई मागच्या खोलीतून बघत होती आणि मध्येच चहा देऊन जात होती. आप्पा निमोण्याला शेतावर निघून गेले होते. त्यांना बघवलं नसतं. मोकळ्या झालेल्या जागेत मी नव्या नवरीचा छोटासा स्वयंपाकओटा उभा केला. ओट्यावर तांब्याचा एकच हंडा, त्यावर वरून एक दिवा सोडलेला. शेजारी पितळेचा डबा अर्धवट उघडा, त्यात गहू. एक परात, तिच्यात मळायला घेतल्यासारखं पीठ. मांडणीवर चार ताटं, चार वाट्या, चार पेले. बाकी काही नाही. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. हंडा नुसता पेटल्यासारखा दिसत होता. मी परत आले तर हंड्याच्या काठावर हिरवा पोपट बसलेला.

मी तो काढला. आत्या रुसली. आत्याचा रुसवा काढायला आईला शिरा करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि माणसं खरोखरच थांबली. शाळेला जाणाऱ्या मुली थांबल्या, दूधवाला सायकल धरून उभा राहिला. मी गल्ल्यामागे आनंदानं बसले होते. मग समोरचे किराणावाले काका आले, इकडे-तिकडे बघितलं, आप्पांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की सगळं ठीक आहे ना? त्यांना वाटलं, आप्पा दुकान बंद करतायत. दुपारपर्यंत ही बातमी पेठभर झाली. शिरूरची पेठ केवढीशी. संध्याकाळपर्यंत ती निमोण्याला पोचली. दुसऱ्या दिवशी निमोण्याहून आप्पांचे दोन चुलतभाऊ पहिल्या एसटीनं आले, तोंडं उतरलेली, जणू घरात कोणी गेलंय. दुकानात बसून राहिले आणि मोकळ्या जागेकडे बघून सुस्कारे सोडत राहिले. आईनं त्यांना जेवायला वाढलं. जेवताना त्यातला थोरला म्हणाला, की काही अडचण असंल तर सांग, आपुन भाऊ-भाऊ हाये. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी भाकरी आणायचं निमित्त करून उठले.

त्या दिवशी संध्याकाळी मी दौंडच्या गाडीला आत्याला सोडायला म्हणून एसटी स्टँडवर गेले होते. परत येऊन बघते, तर माझ्या ओट्याच्या मधोमध, हंड्याला टेकवून, पुठ्ठ्याची मोठी पाटी. तिच्यावर आप्पांच्या नाव घालायच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, "दुकान चालू आहे". मी कपाळाला हात लावला. पाटी काढा म्हटलं, तर काढेनात. शेवटी ती दाराला लावायची, एवढ्यावर तडजोड झाली.

पण खरा वैताग पुढेच होता. गिऱ्हाइकं यायला लागली, आणि त्यांना हवा असायचा तो ओट्यावरचाच हंडा. आत तसलेच हंडे रांगेनं उभे होते, त्याच कारखान्याचे, त्याच वजनाचे. नको म्हणायची. "त्यो दिव्याखालचा द्या," म्हणायची. मी समजावते आहे, तोवर आप्पा तो उचलून यंत्राखाली धरून मोकळे. मांडणीतली वस्तू विकायची नसते, हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल. मी वेडी असल्यासारखं ते माझ्याकडे बघायचे. गिऱ्हाईक मागतंय आणि विकायचं नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. त्यातून जागा रिकामी झाली, की तिथे हाताला लागेल ते ठेवायचे. हंडा गेला, तिथे इस्त्री आली. डबा गेला, तिथे उंदराचा पिंजरा. मी जेवून बाहेर येईपर्यंत परातीतल्या पिठात कोणीतरी चमचे उभे रोवलेले असायचे. मी सगळं परत लावायची, ते परत भरायचे. मला वाटतं त्या आठवड्यात आम्ही दोघांनी एकमेकांशी जेवढं भांडण केलं, तेवढं आधीच्या आणि नंतरच्या आयुष्यात मिळून केलं नसेल. पुढे मी मोठ्या मोठ्या दुकानांच्या मालकांना तोंड दिलं. टायवाले होते, इंग्रजी बोलणारे होते. रिकामी जागा दिसली की त्यांचेही हात आप्पांसारखेच शिवशिवायचे. तेव्हा मी चिडत नसे. माझं चिडून झालेलं होतं.

आठवडा संपला. शेवटच्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, धंदा कसा झाला? "झाला," ते म्हणाले. वाढला की पडला? तर म्हणे या वर्षी तिथी दाट आहेत, धंदा होणारच होता. मग वाढला ना? तर म्हणे वाढला असं म्हणता येणार नाही, कारण लोक हंडा घेतात ते लग्न आहे म्हणून, दिवा आहे म्हणून नव्हे. मी म्हटलं, मग पडला तर नाही ना? तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि बादल्या पुन्हा टांगायला दोरी बांधू लागले. मी खालून बोलत राहिले. घसा बसेपर्यंत बोलले. ते एक गाठ मारायचे, एक बादली अडकवायचे. दोन झाल्या. तिसरी त्यांनी हातात घेतली.

तेव्हा आई पुढे आली. तिच्या हातात निवडायच्या घेवड्याचं सूप होतं. ते घेऊन ती दुकानाच्या उंबऱ्याशी, ओट्याच्या बाजूला बसली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेले काही दिवस ती रोज दुपारी तिथेच बसत होती. मी दिव्याचा कोन बघत होते, पिठातले चमचे मोजत होते. पण मांडणीच्या शेजारी बसलेली आई मला दिसली नव्हती.

"बादल्या टांगू नका," ती म्हणाली.

आप्पा वरून म्हणाले, "का?"

"लगीन होऊन आले तवापासून ह्या दुकानामागं ऱ्हाते. मधी समदी भांडी. पेठेत वरात आली तर आवाजावरनं वळखायची. आता हितं बसलं म्हंजी रस्ता दिसतो." तिनं घेवड्याची शेंग मोडली. "आन् पोरीला बोलावलंय तिकडं, तर जाऊ द्या. कारेगावच्यास्नी मी सांगते."

आई आप्पांशी असं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती चिडलेली नव्हती, रडत नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं आणि पुन्हा निवडायला लागली. आप्पा स्टुलावर उभे होते. मला वाटलं ते ओरडतील. पण ते वरूनच तिच्याकडे बघत राहिले, मग रस्त्याकडे, जणू तिला तिथून काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. नंतर टांगलेल्या दोन्ही बादल्यांच्या गाठी त्यांनी सोडल्या, खाली उतरले, आणि तिन्ही बादल्या हातात घेऊन दुकानात जागा शोधत फिरत राहिले. कुठेच जागा नव्हती. शेवटी त्या त्यांनी आत, माझ्या कॉटखाली सरकवल्या.  पुढच्या सोमवारी पहाटे मी पिशवी भरली, तेव्हा ती उचलून स्टँडपर्यंत तेच आले. एसटीच्या खिडकीतून पिशवी आत देताना एवढंच म्हणाले, की तिकडं तरी मालकाला विकू दे.

मी पुण्याला कायम झाले. दिवस शिडीवर आणि टाचण्यांत गेले. दसऱ्याला सुट्टी मिळाली आणि मी शिरूरला आले, तेव्हा मनात खात्री होती, की आता तरी दुकान बघण्यासारखं असेल. पेठेच्या वळणावरूनच मला ते दिसलं. ओटा गायब. माझा दिवा एका कुकरच्या खोक्यावर प्रकाश टाकत होता. पिंपं पुन्हा पुढे आलेली, परातींच्या चळती पुन्हा चढलेल्या. फक्त वर काही टांगलेलं नव्हतं, आणि मधोमध माणसाला बसण्याइतकी जागा सोडलेली होती. तिथे खुर्ची होती आणि खुर्चीत आई. समोर पायरीवर लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आलेली एक बाई बसली होती, आणि आई तिला हंडा घेऊ नको, कळशी घे, लेकीच्या कमरेचा विचार कर, असं ठासून सांगत होती. आप्पा आत यंत्रावर बसून निमूट ऐकत होते.

आईच्या खुर्चीच्या पायाशी एक निळी प्लास्टिकची बादली होती. तांब्या-पितळेच्या पुढे ती निळी बादली इतकी खुपत होती, की चप्पल काढायच्या आधी मी वाकून ती उचलली.

"ठेव ती," आई म्हणाली. गिऱ्हाइकावरची नजरही तिनं काढली नव्हती. "तिथं मी ठेवलीय."

मी बादली जिथे होती तिथे ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला.